प्रसूती लाभ व नोकरीचे संरक्षण (हिंगोली जिल्हा)

प्रसूती लाभ व नोकरीचे संरक्षण म्हणजे नोकरी वा मजुरी करणाऱ्या स्त्रीला गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मिळणारी भरपगारी रजा, रोख लाभ व वैद्यकीय साहाय्य, तसेच या काळात तिला कामावरून काढले जाऊ नये यासाठी कायद्याने दिलेली हमी होय. भारतात हे हक्क प्रामुख्याने प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ या दोन कायद्यांनी दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने घेतली आहे. प्रसूती लाभाच्या बहुतेक तरतुदी संहितेच्या सहाव्या प्रकरणात (कलम ५९ ते ७२) जवळपास जशाच्या तशा आल्या आहेत.

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. सोयाबीन, कापूस, हळद आणि ऊस ही येथील प्रमुख पिके आहेत. त्यामुळे जिल्ह्यातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया शेतात, हळदीच्या खळ्यावर किंवा ऊसतोडीच्या टोळीत काम करतात आणि प्रसूती लाभाचा कायदा ज्या कारखाने, खाणी, मळे व दुकाने-आस्थापनांसाठी लिहिला गेला, त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. शासकीय सेवेतील स्त्रीला मिळणारी १८० दिवसांची भरपगारी रजा आणि शेतमजूर स्त्रीला मिळणारे ५,००० रुपयांचे अनुदान यांतील अंतर हा या विषयाचा जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

इतिहास

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आपल्या पहिल्याच परिषदेत प्रसूती संरक्षणाचा करार (क्रमांक ३) संमत केला. भारतात हा प्रश्न कापड गिरण्यांतील स्त्री कामगारांच्या निमित्ताने पुढे आला. कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. परंतु ते संमत होऊ शकले नाही. त्यानंतर मुंबई प्रांताच्या विधान परिषदेत असेच विधेयक आले. त्यावरील चर्चेत २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मात्र सरकार तो उचलत नसताना मालकाला त्यातून मोकळे सोडण्याचे कारण नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात त्याचाही फायदा असतो, असे त्यांनी मांडले. या विधेयकातून मुंबई प्रसूती लाभ अधिनियम, १९२९ अस्तित्वात आला. अशा प्रकारचा हा देशातील पहिला प्रांतिक कायदा होय. मध्य प्रांताने १९३० मध्ये, मद्रासने १९३४ मध्ये आणि बंगालने १९३९ मध्ये त्याचे अनुकरण केले.

मुंबईचा हा कायदा हिंगोलीला लागू नव्हता. हिंगोली त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन निर्माण झाला.

खाणींतील स्त्री कामगारांसाठी १९४१ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला होता. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य (१९४२–४६) असताना त्यात सुधारणा करण्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य मानले गेले. प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या कायद्यांत एकसूत्रता आणण्यासाठी संसदेने प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ (१९६१ चा ५३) संमत केला. त्यात रजेची मुदत १२ आठवडे होती. २०१७ च्या सुधारणेने ती २६ आठवड्यांवर नेली. हे सुधारणा विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१६ मध्ये व लोकसभेने मार्च २०१७ मध्ये संमत केले आणि १ एप्रिल २०१७ पासून ते लागू झाले. पाळणाघराची तरतूद तीन महिन्यांनी, १ जुलै २०१७ पासून अमलात आली.

रजा आणि रोख लाभ

कारखाना, खाण व मळा यांना हा कायदा कामगारसंख्येची अट न घालता लागू होतो. दुकाने व इतर आस्थापनांना मात्र तेथे किमान दहा व्यक्ती कामावर असतील तरच तो लागू होतो. लाभ मिळण्यासाठी स्त्रीने अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. मालकाने काम बंद ठेवल्याचे दिवस आणि भरपगारी सुट्ट्याही या ८० दिवसांत धरल्या जातात. नोकरी कायम असण्याची अट कायद्यात कोठेही नाही.

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते व त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर रजा १२ आठवड्यांची असते व प्रसूतीपूर्वी सहाच आठवडे घेता येतात. तीन महिन्यांपेक्षा लहान मूल दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीद्वारे अपत्यप्राप्ती झालेल्या आईला, मूल हाती आल्यापासून १२ आठवडे मिळतात. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे, तर गरोदरपण, प्रसूती, अकाली प्रसूती किंवा गर्भपातातून उद्भवलेल्या आजारासाठी अधिकचा एक महिना रजा मिळू शकते.

प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत मालकाने स्त्रीला कामावर ठेवू नये आणि तिनेही काम करू नये, असे दुहेरी बंधन आहे. घरोघरी बाळंतिणीसाठी पाळल्या जाणाऱ्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीपेक्षा ही मुदत थोडीच अधिक आहे. त्याशिवाय स्त्रीने विनंती केल्यास प्रसूतीपूर्व सहा आठवड्यांच्या आधीच्या एका महिन्यात तिला अवजड किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही.

लाभाची रक्कम सरासरी दैनिक वेतनावर ठरते. रजेच्या आधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचे वेतन त्यासाठी विचारात घेतात. आठवडा सहा दिवसांचा मानायचा की सात, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बी. शाह विरुद्ध पीठासीन अधिकारी, कामगार न्यायालय, कोईमतूर या प्रकरणात १९७७ मध्ये न्यायालयाने रविवारसह सातही दिवस मोजावेत असा निर्णय दिला. रोजंदारीवरील स्त्रीसाठी हा फरक मोठा ठरतो. एखाद्या स्त्रीचा सरासरी रोज ४०० रुपये असेल, तर २६ आठवड्यांचे म्हणजे १८२ दिवसांचे ७२,८०० रुपये होतात; रविवार वगळले असते तर हीच रक्कम ६२,४०० रुपये झाली असती. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांच्या आत देणे मालकावर बंधनकारक आहे. प्रसूतीपूर्व व प्रसूतीनंतरच्या वैद्यकीय सेवेची मोफत सोय मालकाने केली नसल्यास त्याला ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही द्यावा लागतो.

मराठवाड्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आजही सर्वत्र दिसते. सातव्या महिन्यातील डोहाळजेवणानंतर अनेक स्त्रिया माहेरी जातात आणि रजेची लेखी सूचना देण्याचे राहून जाते. कायद्याने ही शक्यता गृहीत धरलेली आहे. सूचना प्रसूतीनंतरही देता येते आणि ती वेळेवर दिली नाही, एवढ्याच कारणाने लाभ नाकारता येत नाही.

रजेनंतर कामावर आलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सवलतीचा वेळ मिळतो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असणे आवश्यक असून आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. महाराष्ट्रात एसटी स्थानके व शासकीय कार्यालयांत स्तनपानासाठी ठेवलेल्या खोलीस रायगडाच्या आख्यायिकेवरून 'हिरकणी कक्ष' म्हणतात. हा कक्ष आणि कायद्याला अभिप्रेत असलेले पाळणाघर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाने दुसऱ्याची अट पूर्ण होत नाही.

नोकरीचे संरक्षण

प्रसूती लाभाच्या कायद्याचा हा भाग रजेइतका परिचित नाही. प्रत्यक्षात मात्र रजेचे मूल्य त्यावरच अवलंबून असते. स्त्री कायद्यानुसार रजेवर असताना तिला कामावरून काढणे, किंवा रजेच्या काळात मुदत संपेल अशी काढून टाकण्याची नोटीस देणे बेकायदेशीर आहे. तिच्या सेवाशर्तींत तिला तोट्याचा ठरेल असा बदलही या काळात करता येत नाही. म्हणजेच रजेवरून परतलेल्या स्त्रीला कमी वेतनाच्या जागी बसवणे हा सुद्धा कायद्याचा भंग होतो.

रजा सुरू होण्यापूर्वीच कामावरून काढून टाकणे ही पळवाट कायद्याने स्वतंत्र तरतुदीने बंद केली आहे. गरोदरपणाच्या काळात काढून टाकलेल्या स्त्रीला, ती नोकरीत राहिली असती तर जो प्रसूती लाभ व वैद्यकीय बोनस मिळाला असता, तो मिळण्याचा हक्क कायम राहतो. गंभीर गैरवर्तणुकीचा अपवाद आहे. तथापि त्यासाठी मालकाने लेखी आदेश काढावा लागतो आणि त्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. लाभ सोडून देण्याचा करार स्त्रीने सही करून दिला असला तरी कायद्यापुढे तो टिकत नाही. याउलट करारात किंवा सेवानियमांत कायद्यापेक्षा अधिक लाभ असतील तर ते तिला मिळतात. हलके काम दिले किंवा स्तनपानासाठी वेळ दिला म्हणून वेतन कापता येत नाही. लाभ घेत असताना स्त्रीने दुसऱ्या आस्थापनेत काम केले, तर मात्र त्या काळापुरता तिचा हक्क जातो.

१९६१ च्या अधिनियमात शिक्षा तीन महिने ते एक वर्ष कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड अशी होती. संहितेत ती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. दंड वाढला, कैदेची कमाल मुदत मात्र निम्म्यावर आली.

महत्त्वाचे न्यायनिर्णय

त्या काळी मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाच्या सेवानियमांत हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपुष्टात येत असे. एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा (१९८१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मनमानी ठरवून रद्द केला. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट मात्र त्याच निकालात कायम ठेवण्यात आली.

दिल्ली महानगरपालिका विरुद्ध स्त्री कामगार (मस्टर रोल) या ८ मार्च २००० च्या निकालाचा संबंध हिंगोलीसारख्या जिल्ह्यांशी अधिक आहे. रस्त्याच्या व खोदकामावर हजेरीपटाने राबणाऱ्या रोजंदार स्त्रियांना प्रसूती लाभ नाकारण्यात आला होता. बाळंतपणाची गरज कायम आणि रोजंदार स्त्रीला सारखीच असते, या भूमिकेतून न्यायालयाने त्यांना लाभ देण्याचा आदेश दिला. दीपिका सिंह प्रकरणात (ऑगस्ट २०२२) पतीच्या पहिल्या विवाहापासूनची मुले आहेत म्हणून स्त्रीला तिच्या स्वतःच्या पहिल्या अपत्यासाठी रजा नाकारता येणार नाही, असे ठरले. डॉ. कविता यादव प्रकरणात (ऑगस्ट २०२३) कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ पूर्ण मुदतीचा द्यावा लागेल, असा निर्णय झाला. के. उमादेवी विरुद्ध तामिळनाडू शासन या २३ मे २०२५ च्या निकालात प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

हिंगोली जिल्ह्यातील लाभधारक वर्ग

*शासकीय व निमशासकीय सेवा.* जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, शासकीय रुग्णालये आणि शाळांतील नियमित स्त्री कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ च्या नियम ७४ प्रमाणे १८० दिवसांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. ती दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असलेल्या स्त्रीपुरती आहे. याशिवाय राज्य शासनाने २०१८ पासून सेवाकाळात एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली आहे. जिल्ह्यात रजा आणि नोकरी या दोन्हींची पूर्ण हमी असलेला वर्ग हाच होय.

*अंगणवाडी आणि आशा.* गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद घेणे, तिला तपासणीला नेणे आणि योजनेचा अर्ज भरून देणे ही कामे ज्या स्त्रिया करतात, त्यांना स्वतःला कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. अंगणवाडी सेविका व मदतनीस मानधनावर काम करतात. त्यांना १८० दिवसांची मानधनासह प्रसूती रजा मान्य आहे. आशा स्वयंसेविकांना मोबदला कामानुसार मिळतो. त्यामुळे बाळंतपणात काम थांबले की कामाधारित मोबदलाही थांबतो. या दोन्ही गटांतील स्त्रिया पुढे वर्णिलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या लाभार्थी ठरू शकतात.

*दुकाने, दवाखाने आणि खासगी आस्थापना.* हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील बाजारपेठांतील कापड दुकाने, औषध दुकाने, पतसंस्था, शिकवणी वर्ग व खासगी दवाखाने यांत अनेक तरुण स्त्रिया काम करतात. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या अशा आस्थापनेवर प्रसूती लाभाची सक्ती नाही. डिसेंबर २०१७ पासून लागू झालेला महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदाही सुरुवातीला दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून वगळत असे. छोट्या गावच्या बाजारपेठेत ही दहाची अट बहुतेक दुकानांना बाहेर ठेवते.

विमाधारक आस्थापनांत लाभ मालकाऐवजी कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. त्यासाठी मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये असून मागील दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान आवश्यक असते. येथेही मुदत २६ आठवडे आहे. मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के अंशदान सर्वच कामगारांसाठी भरले जात असल्याने बाळंतपणाचा खर्च एका मालकावर येत नाही. विम्याबाहेरच्या आस्थापनेत मात्र २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन एकट्या मालकाच्या खिशातून जाते आणि त्यामुळे लग्नाळू वा नवविवाहित स्त्रियांना नोकरीवर घेण्याचेच टाळले जाते, अशी टीका २०१७ पासून होत आली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाढीव चौदा आठवड्यांपैकी सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या विधान परिषदेत झालेला वाद त्यामुळे पुन्हा एकदा समोर आला.

*हळद आणि शेतमजुरी.* वसमत व हिंगोली या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा असून 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीची काढणी, कंद वेगळे करणे, शिजवणे, वाळवणे आणि निवडणे या कामांत स्त्री मजुरांचा वाटा मोठा असतो. शेतातील मजुरी हे काम आस्थापनेच्या व्याख्येत बसत नाही. तेथे प्रसूती लाभही नाही आणि काढून टाकण्यापासून संरक्षणही नाही, कारण रोज सकाळी नव्याने सुरू होणाऱ्या मजुरीत काढून टाकण्याची गरजच पडत नाही. हळद पॉलिश करणारा कारखाना, डाळ मिल किंवा जिनिंग कारखाना यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे हंगामात ८० दिवस भरलेली रोजंदार स्त्री लाभास पात्र ठरते. १९६१ च्या अधिनियमाने 'स्त्री' या शब्दाच्या व्याख्येत थेट किंवा मध्यस्थामार्फत कामावर ठेवलेली, असे दोन्ही प्रकार घेतले होते. त्यामुळे ती मुकादमाची माणूस आहे, असे म्हणून कारखान्याला हात वर करता येत नाहीत. अडचण येते ती पुराव्याची. हजेरी मुकादमाच्या वहीत, पगार रोखीने आणि नाव कधी पूर्ण तर कधी केवळ नवऱ्याच्या नावापुढे खूण, अशा नोंदीतून ८० दिवस सिद्ध करणे अवघड असते.

*ऊसतोड.* हंगामात मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे ऊसतोडीसाठी स्थलांतर होते. बीड हा त्याचा मुख्य जिल्हा असला तरी हिंगोलीतील कुटुंबेही त्यात असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि या जोडीला मुकादमाकडून उचल मिळते. एका दिवसाचा खाडा झाला तर त्याची रक्कम उचलीतून वळती होते. अशा व्यवस्थेत बाळंतपण म्हणजे खाडा. स्त्री थांबली तर कोयता अर्धा होतो आणि फिटायची राहिलेली उचल पुढच्या हंगामावर जाते. त्यामुळे अवघडलेल्या दिवसांतही मोळ्या वाहणे आणि बाळंतपणानंतर लवकर फडात परतणे हे प्रकार घडतात. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कुटुंबप्रमुखाशी असल्याने स्त्रीचा मालक कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. पुढे लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची स्थापना करण्यात आली. त्यासाठी साखर कारखान्यांकडून गाळप उसावर प्रतिटन १० रुपये आणि तितकीच रक्कम शासनाने देण्याचे ठरले.

रोख साहाय्याच्या योजना

मालक नसलेल्या किंवा ठरवता न येणाऱ्या स्त्रियांसाठी शासनाचा मार्ग अनुदानाचा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. नियमित शासकीय नोकरीतील व इतर कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या स्त्रिया त्यातून वगळल्या. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेली प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये देते. एप्रिल २०२२ पासूनच्या सुधारित रूपात हे पैसे दोन हप्त्यांत मिळतात: गरोदरपणाची नोंदणी व किमान एक तपासणी झाल्यावर ३,००० रुपये, आणि जन्मनोंदणी व बाळाच्या लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर २,००० रुपये. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात. शिधापत्रिका, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, किसान सन्मान निधीची नोंद यांपैकी एखादा पुरावा पात्रतेसाठी चालतो. तपासणी सासरी, बाळंतपण माहेरी आणि लसीकरण स्थलांतराच्या ठिकाणी झाले, तर माता व बाल संरक्षण कार्डावरील नोंदी सलग असणे महत्त्वाचे ठरते.

जननी सुरक्षा योजनेतून पात्र स्त्रीला संस्थेत प्रसूती झाल्यास ग्रामीण भागात ७०० व शहरी भागात ६०० रुपये मिळतात. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असलेल्या स्त्रीला, तसेच नोंदणीकृत कामगाराच्या पत्नीला, पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीस १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीस २०,००० रुपये दिले जातात. असंघटित कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमांत ही सर्वांत मोठ्या रकमांपैकी आहे. मात्र नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

४०० रुपये रोजाच्या वरील उदाहरणाशी तुलना केली, तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये साडेबारा दिवसांच्या मजुरीएवढे होतात. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम १०९ ने असंघटित कामगारांच्या आरोग्य व प्रसूती लाभासाठी योजना आखण्याचे काम केंद्र सरकारवर सोपवले आहे. ऑनलाइन मंचांवर काम करणाऱ्यांसाठीही तशीच तरतूद असून तिच्यासाठी कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीतून एक ते दोन टक्के अंशदान घेण्याचे ठरले आहे. नोकरीवर परतण्याच्या हमीचा समावेश यांपैकी कोणत्याही रोख योजनेत नाही.

दाद मागण्याची पद्धत

लाभ नाकारला गेल्यास किंवा कामावरून काढले गेल्यास जिल्हा स्तरावर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. कारखान्यांच्या बाबतीत ही जबाबदारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांकडे होती. संहितेने या अधिकाऱ्यांना 'निरीक्षक-नि-सुविधाकार' असे नवे पदनाम दिले असून चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश देण्याचा अधिकार कायम ठेवला आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाने, कामगाराला आकसाने काढून टाकल्यास ९० दिवसांच्या आत कामगार न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला. शासकीय कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) खंडपीठाकडे दाद मागतात.

तक्रारीसोबत नेमणुकीचा किंवा हजेरीचा कोणताही पुरावा, वेतन बँकेत जमा होत असल्यास त्याचा उतारा, डॉक्टरांनी दिलेला गरोदरपणाचा दाखला, रजेच्या अर्जाची पोच आणि बाळाचा जन्मदाखला ही कागदपत्रे जोडली जातात. नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्रीला प्रसूती लाभाची माहिती लेखी व इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे २०१७ च्या सुधारणेने मालकावर बंधनकारक केले होते.